नेम चांगला असूनही सामना का हरतो: शूटर, स्ट्रॅटेजी आणि अरीना खेळांविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारावीपर्यंत मोबाईलवर बीजीएमआय खेळलो, नेम चांगला आहे, आता इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप मिळालाय. काउंटर-स्ट्राइक 2 लावलं, माणसं भरपूर मारतो, पण सामने हरतो. एज ऑफ एम्पायर्स 2 आणि डोटा 2 डाउनलोड करून ठेवलेत. दादा, यातलं काय शिकू, आणि एकात शिकलेलं दुसऱ्यात कामाला येतं का?

सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन खेळणाऱ्या पिढीतला मी. आता कॉलेजच्या टीमना सराव देतो. तुझ्यासारखी पोरं दरवर्षी येतात, आणि बहुतेकांचं दुखणं एकच निघतं: हात तयार असतो, हिशोब नसतो. शूटर (काउंटर-स्ट्राइक), स्ट्रॅटेजी (एज ऑफ एम्पायर्स) आणि अरीना (बंदिस्त मैदानातली लढत, जशी डोटा), तिन्ही प्रकारांत सामना तो नेतो, ज्याला समोरच्याकडे या घडीला काय आहे ते न बघता कळतं. शूटरमध्ये त्याच्या खिशातले पैसे, स्ट्रॅटेजीत त्याची माणसं कुठे राबतायत, अरीनात त्याचं चिलखत कधी येणार नि त्याची मोठी ताकद परत कधी तयार होणार. यातलं काहीच पडद्यावर लिहिलेलं नसतं, डोक्यात मोजत राहावं लागतं. बीजीएमआयने तुला ही सवय लावली नाही यात नवल नाही. तिथे बंदूक जमिनीवर पडलेली मिळते, दर सामना शून्यापासून सुरू होतो, आणि शंभर जणांत कोणाकडे काय आहे हे मोजून हाती काही लागत नाही.

आधी काउंटर-स्ट्राइक, कारण तुझा जीव तिथे अडकलाय.

मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन पोरांनी 1999 मध्ये हाफ-लाइफ या खेळात फेरफार करून हा मॉड काढला. हाफ-लाइफ बनवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीने 2000 मध्ये तो बाजारात आणला आणि 2023 च्या सप्टेंबरात काउंटर-स्ट्राइक 2 आलं. चित्रं बदलली, धूर खराखुरा झाला, पण गाभ्यातली गोष्ट तीच राहिली: बंदूक विकत घ्यावी लागते. हा खेळ निम्मा दुकानदारीचा आहे, आणि निम्म्याहून जास्त पोरं ती निम्मी बाजू बघतच नाहीत.

आकडे बघ. सामन्याचे दोन हाफ, प्रत्येकात बरेच छोटे राउंड, आणि पाच-पाच जणांच्या दोन बाजू: बॉम्ब लावणारे टेररिस्ट आणि त्यांना अडवणारे सीटी (काउंटर-टेररिस्ट). हाफच्या सुरुवातीला प्रत्येकाकडे खेळातले 800 डॉलर. पिस्तूल राउंड, म्हणजे हाफचा पहिला राउंड, हरला की माणशी 1900 मिळतात, लगेच पुढचा हरला की 2400, मग 2900, मग 3400, त्याच्या वर नाही. जिंकणाऱ्याला 3250, बॉम्ब फोडून जिंकलं तर 3500. मारलेल्या माणसांचे वर वेगळे. एके-47 पडते 2700 ला, चिलखत आणि हेल्मेट मिळून 1000, ऑप ही स्नायपर 4750, धुराचा गोळा स्मोक 300, डोळे दिपवणारा गोळा फ्लॅश 200.

आता समज, तुम्ही सीटी आहात आणि पिस्तूल राउंड जिंकलात. दुसऱ्या राउंडला टेररिस्टांनी काही घेतलं नाही, फुकटच्या पिस्तुलावर आले आणि मेले. तिसऱ्या राउंडला त्यांच्या खिशात 1900 आणि 2400 मिळून 4300 असणार. एके, चिलखत, हेल्मेट, एक स्मोक, एक फ्लॅश: 4200. म्हणजे तिसऱ्या राउंडला पाचही जण एके घेऊन येणार, हे दुसरा राउंड सुरू झाला तेव्हाच ठरलं होतं. आणि तुम्ही? तुम्ही दुसऱ्या राउंडला स्वस्तातल्या एसएमजी (जवळून मारायच्या छोट्या मशीनगन) घेतल्यात, पटापट मारलंत, अंगात वारं शिरलं, आणि तिसऱ्या राउंडला त्याच एसएमजी घेऊन डस्ट 2 नकाशातल्या लाँग या लांबलचक वाटेवर उभे राहिलात. तिथे एकेची एक गोळी डोक्यात बसली की हेल्मेट असो नसो, खेळ खलास. तुझी एसएमजी त्या अंतरावरून नुसती टकटक करते. असा राउंड हरल्यावर पोरं म्हणतात, ‘आज नेम लागत नाहीये.’ नेमाचा काय संबंध? एसएमजी हातात आहे तर कोपऱ्यात, पाच पावलांच्या अंतरावर जाऊन थांब. लाँग सोडून दे.

हेच उलट धर. त्यांनी दुसऱ्या राउंडला होतं नव्हतं ते खर्चून टाकलं, ज्याला फोर्स म्हणतात, आणि तरीही हरले. आता तिसऱ्या राउंडला जेमतेम 2400 हाती आहेत. एके येत नाही. मग ते काय करणार? दाराशी एकदम गर्दी करून येणार, कारण लांबून लढायची सोय नाही. तू पुढे जाऊन एकट्याने बघायची गरज नाही, मागे थांब आणि येऊ दे. समोरच्याच्या खिशातले आकडे लिहून दाखवत नाहीत, पण मागच्या दोन राउंडांत जमिनीवर कोणत्या बंदुका पडल्या, कोण जिवंत सुटून बंदूक वाचवून गेला, हे तू पाहिलेलं असतं. त्यावरून हजारभर इकडेतिकडे अंदाज बांधता येतो. माझ्याकडच्या टीममध्ये हे काम एकाला वाटून दिलेलं असतं. राउंड सुरू व्हायच्या आधी त्याने एवढंच बोलायचं: समोरचे ‘सेव्ह’ (पैसे राखणार), ‘फोर्स’ किंवा ‘फुल’ (पूर्ण खरेदी). एक शब्द. बाकीच्यांनी तोवर गप्प बसायचं, आणि पोरांना जमायला हेच सगळ्यात अवघड जातं.

बॉम्बचंही तसंच. लावल्यापासून फुटेपर्यंत 40 सेकंद. किट असेल तर निकामी करायला 5, नसेल तर 10. म्हणजे किट नसलेल्या सीटीला 30 व्या सेकंदापर्यंत बॉम्बला हात घालावाच लागतो. तू टेररिस्ट आहेस, शेवटच्या दहा-बारा सेकंदांत उरलेला एकटा सीटी अजून लांब कुठेतरी आहे, तर त्याला शोधत फिरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. चाळीस रुपयांच्या तासासाठी भांडणाऱ्या पोरांनाही कॅफेत हे कळायचं. हल्ली ‘हायलाइट’ निघावा म्हणून लोक जिंकलेला राउंड घालवतात.

नेमाबद्दल एवढंच सांगतो. मोबाईलवर जायरोने (फोन कलवून) बंदूक खाली धरायची जी सवय आहे ती इथे उपयोगाची नाही. धावता धावता मारायची सवयही सोड. इथे हलताना झाडलेली गोळी भलतीकडे जाते. डावीकडे चालत असशील तर उजवीकडची कळ क्षणभर दाबून पाय थांबव, मग गोळी झाड. आणि बंदुकीचा ठिपका सतत डोक्याच्या उंचीवर ठेव, जमिनीकडे बघत चालू नकोस. हे दोन्ही अंगात मुरलं की तुझा आधीचा नेम आपोआप दिसू लागेल.

व्हॅलोरंट का नाही, असं तू विचारलं नाहीस, पण कोणीतरी विचारेलच. 2020 मध्ये आलेला हा खेळ पैशाच्या बाबतीत काउंटर-स्ट्राइकचाच भाऊ आहे, वर प्रत्येक पात्राच्या खास शक्ती. खेळ चांगलाच आहे. मात्र त्याचं फसवणूकविरोधी सॉफ्टवेअर विंडोजच्या पार मुळाशी जाऊन बसतं. कॉलेजच्या कामाच्या एकुलत्या एक लॅपटॉपवर ते ठेवायचं का, हे तुझं तू ठरव.

आता एज ऑफ एम्पायर्स 2. तुझ्या जागी मी असतो तर सराव म्हणून आधी हाच घेतला असता. कारण इथे हिशोब लपत नाही, तो चुकला की दहा मिनिटांत तोंडावर आपटतो.

1999 चा हा खेळ, 2000 मध्ये द कॉन्करर्स हा विस्तार आला, आणि 2019 मध्ये डेफिनिटिव्ह एडिशनने त्याला दुसरा जन्म दिला. चॅटमध्ये 11 लिहिलं की खदाखदा हसण्याचा आवाज आणि 30 लिहिलं की ‘वोलोलो’, हे अजून तसंच आहे. सुरुवातीला एक टाउन सेंटर (गावाची मुख्य इमारत), तीन व्हिलेजर (राबणारी माणसं), एक घोडेस्वार स्काउट (टेहळ्या) आणि 200 अन्न. नवा व्हिलेजर 50 अन्नाला आणि 25 सेकंदांत तयार होतो. या 25 सेकंदांभोवती सगळा खेळ फिरतो. टाउन सेंटर रिकामं राहू द्यायचं नाही. दोन मिनिटं तुकड्या-तुकड्याने रिकामं राहिलं की जवळपास पाच व्हिलेजर कमी झाले, आणि ते नुसते पाच राहत नाहीत, कारण त्या पाचांनी पुढची दहा मिनिटं जे तोडलं-खणलं असतं तेही गेलं. नवखा माणूस हरल्यावर म्हणतो, ‘त्याचं सैन्य जास्त होतं.’ रेकॉर्डिंग लावून बघ. सैन्य सोळाव्या मिनिटाला जास्त दिसतं, पण तो मागे पडलेला असतो चौथ्या-पाचव्या मिनिटाला, मेंढ्या संपल्या तेव्हा रानडुक्कर वेळेवर आणलं नाही म्हणून.

ते रानडुकराचं प्रकरण एकदा नीट शिकून घे. एका डुकरात 340 अन्न असतं. एक व्हिलेजर जातो, बाण मारतो, डुक्कर मागे लागतं, आणि त्याने टाउन सेंटरकडे पळत सुटायचं. व्हिलेजरचा जीव 25, डुकराच्या काही धडकांत संपतो. 50 सोनं देऊन टाउन सेंटरात लूम हे संशोधन घेतलं की तो 40 होतो. लवकर घेतलं तर तेवढा वेळ टाउन सेंटरात व्हिलेजर बनत नाही. उशिरा घेतलं तर डुक्कर माणूस खातं. डुक्कर आणायला माणूस पाठवलाय आणि तेवढ्यात घर बांधायचं राहिलं म्हणून नवीन व्हिलेजर अडकलाय, तिकडे स्काउट कड्याला टेकून उभा आहे, हे तिन्ही एकदम सांभाळणं म्हणजे या खेळाची प्रवेश परीक्षा.

आणि स्काउट! तो मेंढ्या शोधण्यापुरता नाही. फ्युडल, म्हणजे दुसऱ्या, युगाच्या आसपास तो एकदा समोरच्याच्या गावातून फिरवून आण. सैन्य बघू नकोस, व्हिलेजर कुठे आहेत ते बघ. तीन-चार जण सोन्यावर आहेत आणि आर्चरी रेंज उभी राहतेय: धनुर्धारी येणार, तू स्कर्मिशर (धनुर्धाऱ्यांना भारी पडणारा भालाफेक्या) काढ, त्याला सोनं लागत नाही. सोन्यावर कोणी नाही, सगळे अन्नावर आणि तबेला आहे: 80 अन्नाचा एकेक स्काउट येऊन तुझ्या लाकूडतोड्यांना छळणार, भाले काढ आणि लाकडाच्या जागेभोवती कुंपण घाल. सैन्याची एकही इमारत नाही, अन्न आणि सोनं दोन्हींवर माणसं आहेत: तो 800 अन्न आणि 200 सोनं जमवून कॅसल या तिसऱ्या युगात उडी मारणार आणि नाइट (दणकट घोडेस्वार) काढणार. त्या वेळी तुझ्याकडे काय असेल, हे तेव्हाच ठरवायचं. काउंटर-स्ट्राइकमध्ये जमिनीवर पडलेल्या बंदुका बघून तू जो अंदाज बांधायला शिकतोस, तोच हा. फक्त इथे उत्तर शोधायला दोन सेकंदांऐवजी दोन मिनिटं मिळतात. म्हणूनच सराव इथे कर म्हणतो.

जाता जाता: 2013 मध्ये या खेळात ‘इंडियन्स’ म्हणून एकच सरसकट गठ्ठा आला होता. 2022 च्या डायनॅस्टीज ऑफ इंडियाने त्याचे हिंदुस्तानी केले आणि गुर्जर, बंगाली, द्रविड हे वेगळे दिले. गुर्जरांकडे नाइट नाहीतच, पण मेंढ्या कापण्याऐवजी गिरणीत ठेवल्या की त्या बसल्या बसल्या अन्न देतात. डोकं लावून खेळणाऱ्याला मजा येते, नवख्याने लांब राहावं. मराठे यात नाहीत, हा प्रश्न मला प्रत्येक गणेशोत्सवात कोणीतरी विचारतंच. मराठ्यांना घेऊन खेळायचं असेल तर 2009 चं एम्पायर: टोटल वॉर बघ. तिथे मराठा सत्ता सुरुवातीपासून हातात मिळते आणि मोगलांशी गाठ असते. पण तो संगणकाविरुद्ध निवांत खेळायचा खेळ. स्पर्धेच्या सरावाला त्याचा उपयोग शून्य.

‘स्ट्रॅटेजीत बोटं फार वेगाने चालवावी लागतात, म्हणून मला जमणार नाही’, ही भीती मनातून काढ. स्टारक्राफ्ट या दुसऱ्या स्ट्रॅटेजी खेळात कोरियन खेळाडूंच्या मिनिटाला शेकडो क्लिकच्या गोष्टी तू ऐकल्या असशील, त्या खऱ्याही आहेत. पण 2019 मध्ये डीपमाइंड कंपनीच्या अल्फास्टार या एआय प्रोग्रामवर क्लिकची मर्यादा घातली, माणसासारखा कॅमेरा सरकवत बघायला लावलं, तरी ते स्टारक्राफ्ट 2 मध्ये ग्रँडमास्टर पातळीला पोचलं. ठरवलेल्या गोष्टीवर पडलेल्या क्लिक मोजायच्या. घाबरून त्याच जागी दहा वेळा मारलेल्या नाहीत.

अरीना म्हटलं की तुझ्या वयाच्या पोरांना डोटा आठवतो, मला क्वेक 3 अरीना. डिसेंबर 1999 चा. एकास एक लढत, छोटा बंदिस्त नकाशा, आणि चिलखत ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळाने परत येतं: लाल चिलखत 25 सेकंदांनी, मेगा हेल्थ 35 सेकंदांनी. बघणाऱ्याला वाटतं, दोघं नुसते उड्या मारत रॉकेट फेकतायत. प्रत्यक्षात दोघांच्याही डोक्यात आकडे चाललेले असतात. घड्याळात 3:10 ला लाल चिलखत उचललं, तर पुढचं 3:35 ला. 3:30 ला तिथे पोचायचं, समोरचाही येणार हे धरून दारावर रॉकेट टाकून ठेवायचं. जो मोजतो त्याच्या अंगावर कायम चिलखत असतं, आणि मग त्याचा नेम समोरच्याइतकाच असला तरी तोच जगतो. पहिल्या क्वेकच्या काळात, 1997 साली अटलांटाच्या ई3 प्रदर्शनात डेनिस फाँगने स्पर्धा जिंकली आणि क्वेक बनवणाऱ्या जॉन कार्मॅकची स्वतःची फेरारी बक्षीस म्हणून घरी नेली. आज क्वेक लाइव्हवर (क्वेक 3 ची ऑनलाइन आवृत्ती) चिटपाखरू सापडणं मुश्कील, आणि जे आहेत ते वीस वर्षं मुरलेले, तुला उभा चिरतील. तरी एखाद्या मित्राबरोबर दोघांतच काही संध्याकाळी खेळून बघ. मोजायची सवय लावायला याच्याइतका चोख खेळ मला दुसरा माहीत नाही.

डोटा 2 मध्ये हीच गोष्ट पाच जणांत आणि पाऊण तास चालते, आणि मोजायच्या गोष्टी इतक्या होतात की कोणाच्याच डोक्यात सगळ्या मावत नाहीत. वॉरक्राफ्ट 3 च्या एका नकाशातून निघालेला हा प्रकार, 2013 मध्ये वॉल्व्हने स्वतंत्र खेळ म्हणून आणला. क्रीपला (आपोआप चालून येणाऱ्या छोट्या सैनिकाला) शेवटचा घाव तुझा बसला तरच सोनं मिळतं, इथपासून सुरुवात. रोशन हा नकाशावरचा मोठा राक्षस मेला की 8 ते 11 मिनिटांत कधीही परत येतो, त्याच्याकडून मिळालेला एजिस (मेल्यावर पुन्हा जिवंत करणारी वस्तू) 5 मिनिटांत वापरला नाही तर जातो. सोनं देऊन लगेच जिवंत होण्याची सोय आहे, पण एकदा वापरली की 8 मिनिटं बंद. क्षणात दूर उडी मारू देणारा ब्लिंक डॅगर असलेल्या शत्रूला नुसता एक फटका लावून ठेवलास, तरी तो 3 सेकंद उडी मारू शकत नाही, आणि तेवढ्यात लढाईचा निकाल लागतो. टाइडहंटर या हीरोने आपली मोठी ताकद, रॅव्हेज, वाया घालवली, तर ती परत तयार होईपर्यंतचा वेळ तुमचा आहे, लगेच टॉवरवर चाल करा. ही संधी ओळखणारा एक जण टीममध्ये असला की बाकीचे चार मध्यम असले तरी चालतात. डोटात सगळ्यात मोठी माहिती मात्र नकाशावर नसलेल्या माणसात असते. समोरचे तीन जण वीस सेकंद दिसत नाहीत आणि तू एकटा त्यांच्या बाजूला क्रीप मारतोयस, तर तुझी वेळ भरली.

खेळ म्हणून माझं मत विचारशील तर तिघांत सगळ्यात खोल डोटाच. 2021 च्या द इंटरनॅशनल या डोटाच्या जागतिक स्पर्धेला चार कोटी डॉलरचं बक्षीस जमलं, ते उगाच नव्हे. पण हीरो सव्वाशेच्या आसपास, सामना लांब, आणि अनोळखी चार जणांबरोबर खेळायला बसलास की शिव्या कोणत्या भाषेत पडतील एवढाच प्रश्न. पहिल्या शिवीला म्यूट कर, उत्तर देऊ नकोस.

तर तुझं वेळापत्रक मी असं लावलं असतं. रोजचा मुख्य खेळ काउंटर-स्ट्राइक राहू दे, दिवसाला दोन सामने, तिसरा नाही. शनिवार-रविवारी एज ऑफ एम्पायर्स. आधी संगणकाविरुद्ध, आणि टाउन सेंटर पहिली दहा मिनिटं रिकामं न ठेवता जमलं की मग माणसांविरुद्ध रँक्ड. डोटाला हॉस्टेलवर चार जण पक्के जमेपर्यंत हात लावू नकोस.

आणि एक सराव, ज्याला माझ्याकडची पोरं सगळ्यात जास्त कंटाळतात. हरलेल्या सामन्याचं रेकॉर्डिंग समोरच्या खेळाडूच्या नजरेने बघ. काउंटर-स्ट्राइकचा डेमो असेल तर प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला थांबव, त्यांच्याकडे किती पैसे असतील ते कागदावर लिही, मग खरा आकडा बघ. एज ऑफ एम्पायर्समध्ये तेच व्हिलेजरांच्या वाटणीबाबत कर. आधी अंदाज भलतीकडे जातील. मग हळूहळू जवळ येऊ लागतील, आणि खेळताना तू त्यांची वाट बघत उभा असशील. स्वतःच्या नजरेने बघितलंस तर फक्त आपले चुकलेले नेम दिसतात आणि चिडचिड होते.

सामानाचं म्हणशील तर वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही एज ऑफ एम्पायर्स आणि डोटा कमी सेटिंगवर चालतात, काउंटर-स्ट्राइक मात्र रडवतं. पहिले पैसे मोठ्या माउसपॅडवर घाल, मग साध्या वायरच्या माउसवर. हेडफोन ब्लूटूथचे नकोत, आवाज उशिरा येतो आणि पावलं कुठून आली ते कळेपर्यंत माणूस मागे उभा असतो. स्किन (बंदुकांची रंगरूपं) आणि केस (ती नशिबाने मिळायच्या पेट्या) यांच्या नादी लागू नकोस, त्यातून चालणाऱ्या जुगाराच्या साइटपासून तर दहा हात लांब राहा. वायफायऐवजी लॅनची केबल ओढून घे, मुंबईच्या सर्व्हरला पुण्या-नाशिकहून पिंग (सर्व्हरपर्यंत जाण्या-येण्याचा वेळ) छान मिळतो. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते, त्यामुळे जूनच्या आधी राउटरला छोटा यूपीएस लाव. पावसात लाइट गेली आणि सामना मध्येच सुटला, तर खेळाच्या दृष्टीने तू पळून गेलास असंच धरतात आणि काही वेळ खेळायला बंदी घालतात.